चुकीची केबल आणि त्याहून चुकीचा सल्ला दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : न चालणाऱ्या एचडीएमआय-व्हीजीए केबलचे पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

मी अमळनेरला (जि. जळगाव) डीटीपीचं काम करते. तुमच्या संकेतस्थळावरून मी मिनी पीसी आणि २४ इंची मॉनिटर घेतला. माझा जुना १७ इंची चौकोनी मॉनिटर अजून ठणठणीत आहे. गिऱ्हाइकाने हाताने लिहून दिलेला मजकूर जुन्यावर उघडायचा आणि नव्यावर लग्नपत्रिका मांडायची, एवढ्यासाठीच मला दोन्ही हवे होते. जुन्याला फक्त व्हीजीए पोर्ट आहे, नव्या पीसीला दोन एचडीएमआय पोर्ट. पैसे भरण्याआधी हे सगळं तुमच्या ग्राहक सेवेला फोनवर सांगितलं होतं. ‘आमची केबल घ्या, लगेच चालेल’ असं उत्तर मिळालं. मी ४४९ रुपये भरले.

केबल जोडली तर जुन्या मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. पोर्ट बदलले, पीसी चार वेळा बंद-चालू केला, तरी तेच. परत फोन केला तेव्हा तुमच्या माणसाने सांगितलं, ‘दोन्ही मॉनिटर एकाच मापाचे लागतात, मॅडम. जुना काढून टाका, आमचा दुसरा घ्या.’

हे साफ खोटं आहे. गावातल्या दुरुस्तीवाल्या दादांनी केबल हातात घेऊन सांगितलं, ही नुसती वायर आहे. एचडीएमआयमधून डिजिटल सिग्नल येतो, व्हीजीएला ॲनालॉग लागतो. मध्ये बदल करणारी चिप असलेला कन्व्हर्टर हवा. त्यांनी स्वतःचा कन्व्हर्टर लावला आणि जुना मॉनिटर लगेच उजळला. विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडलं, म्हणजे दोन पडद्यांवर वेगवेगळं काम. नवा १९२० बाय १०८० वर, जुना १२८० बाय १०२४ वर, दोन्ही आपापल्या मापात स्वच्छ. माऊस कडेला अडत होता, तो सेटिंगमध्ये दोन्ही मॉनिटर दाखवणाऱ्या चौकोनांच्या कडा जुळवल्यावर सरळ जाऊ लागला. ‘डुप्लिकेट’ केलं तर मात्र दोन्हीकडे एकच चित्र येतं आणि मापं वेगळी असल्यामुळे ते बिघडतं. तुमच्या माणसाला एवढा फरक तरी माहीत हवा.

मधले बारा दिवस मी एकाच पडद्यावर काढले, तेही आखाजीआधीच्या (अक्षय्य तृतीयेआधीच्या) लगीनसराईत. दारात माणसं विचारत होती, ‘ताई, पत्रिका कव्हय भेटी?’ मजकूर आणि पत्रिका अशी सारखी उलटापालट करताना एका पत्रिकेत नवरदेवाच्या आजोबांच्या नावाआधी ‘श्री.’ऐवजी ‘कै.’ पडलं. आजोबा हयात आहेत, पत्रिका घ्यायला तेच आले होते. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून वाचली आणि काही न बोलता माझ्यापुढे ठेवली. ३०० पत्रिका मी पदरच्या पैशाने पुन्हा छापून दिल्या. प्रूफ नीट न वाचणं ही माझी चूक, ती मी तुमच्या माथी मारत नाही. पण समोर मूळ मजकूर उघडा असता तर ती माझ्या नजरेतून सुटली नसती.

केबलचे ४४९ रुपये परत करा. संकेतस्थळावर तिच्याखाली स्पष्ट लिहा की तिच्यात कन्व्हर्टर नाही. आणि चालता मॉनिटर फेकायला लावणारा सल्ला गिऱ्हाइकांना देणं बंद करा.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. नाही झालं तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. बिल, केबलचे फोटो आणि दोन्ही फोनच्या तारखा सोबत जोडल्या आहेत.

आपली ग्राहक,
अमळनेर