छापे वाचले, निकाल कधी वाचायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई असो की दिवाळी, आपल्या दैनिकात एक बातमी हमखास येते. अन्न व औषध प्रशासनाचा (एफडीएचा) अमुक ठिकाणी छापा, इतके किलो पनीर किंवा खवा जप्त, नमुने प्रयोगशाळेकडे रवाना. शेवटचे वाक्यही ठरलेले असते: ‘अहवाल आल्यानंतर पुढील कारवाई करण्यात येईल.’ मी नाशिकरोडच्या जेलरोडला पोळी-भाजी केंद्र चालवते. पनीर, दही, तेल रोज विकत घ्यावे लागते, म्हणून अशी बातमी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. छाप्यांबद्दल माझे काही म्हणणे नाही, ते पडायलाच हवेत. पण त्या अहवालाचे पुढे काय झाले, हे मला आपल्या पानांवर आजवर वाचायला मिळालेले नाही.

नमुना कसा घेतात हे मी जवळून पाहिले आहे. आमच्या ओळीतल्या एका डेअरीवर अधिकारी आले, तेव्हा पंच म्हणून सही करायला मला बोलावले होते. सुटे दूध आधी नीट ढवळले, चार बाटल्यांत सारखे भरले. दूध टिकावे म्हणून प्रत्येक बाटलीत फॉर्मेलिनचे थेंब टाकले. मग बूच, कागद, दोरा, सहीची चिठ्ठी आणि मेणबत्तीवर वितळवलेल्या लाखेचे सील. एक भाग विश्लेषकाकडे जातो, बाकीचे जपून ठेवतात, म्हणजे दुकानदाराला निकाल मान्य नसेल तर पुन्हा तपासता येते. काम अगदी शिस्तीत झाले. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली आणि आठवडाभरात त्या डेअरीचे निम्मे गिऱ्हाईक तुटले. पुढे अहवाल आला, दूध चांगले निघाले. त्याने तो कागद काउंटरच्या काचेवर चिकटवला. पण जे यायचेच बंद झाले होते, त्यांना तो दिसणार कसा? छाप्याची बातमी ज्यांनी छापली, त्यांनी अहवालाच्या दोन ओळी छापल्या असत्या तर त्या माणसाचा धंदा वाचला असता. आणि दूध खराब निघाले असते तर आम्हाला सावध होता आले असते. बातमी अर्ध्यावर सोडल्याने प्रामाणिक दुकानदार मरतो, भेसळ करणारा मात्र मोकळा फिरतो.

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६चा. विश्लेषकाला नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. माल नुसता निकृष्ट निघाला तर पाच लाखांपर्यंत दंड, लेबल खोटे असेल तर तीन लाखांपर्यंत. ही प्रकरणे न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे चालतात. माल असुरक्षित ठरला, तरच खटला कोर्टात जाऊन तुरुंगवासाची वेळ येते. म्हणजे छापा, अहवाल, सुनावणी, दंड अशा चार पायऱ्या आहेत आणि वाचकाला त्यातली पहिली तेवढी कळते. गिऱ्हाईकालाही कलम ४०प्रमाणे फी भरून नमुना तपासून घेता येतो, दोष निघाला तर फी परत मिळते. हे माहीत असलेला एकही माणूस मला आमच्या ओळीत भेटला नाही.

पनीरचा हिशेब तर साधा आहे. एक किलो पनीरला म्हशीचे दूध पाचेक लिटर लागते, गाईचे सहा-सात. गाईच्या दुधाला शेतकऱ्याला मिळणारा तिशीतला दर धरला, तरी नुसत्या दुधाचेच दोनशेच्या आसपास होतात. त्यात जळण, मजुरी, गाडीभाडे अजून आलेच नाही. मग दोनशे रुपये किलोने पनीर दारात आणून देणारा माणूस काय आणून देतो? वनस्पती तेल घालून केलेला ‘अ‍ॅनालॉग’. तो विकणे गुन्हा नाही, पनीर म्हणून विकणे गुन्हा आहे. मार्च २०२५च्या अधिवेशनात हा विषय विधानसभेत गाजला, मोठमोठे मथळे झाले. आयोडीनचा थेंब टाकून पाहा असे सगळे सांगतात. त्याने स्टार्च घातला असेल तर निळा रंग येतो, पण तेलाचे पनीर त्यात बिनबोभाट पास होते. ते ओळखायला प्रयोगशाळाच लागते आणि प्रयोगशाळेचा अहवाल आपण छापत नाही. आम्ही केंद्रवाल्या बायका एकमेकींना फोन करून ‘याच्याकडून घेऊ नको’ एवढेच सांगू शकतो.

बरे, नाशिकला तपासणी म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले, माल अडकला आणि निफाड-दिंडोरीच्या बागाईतदारांचे कंबरडे मोडले. त्यानंतर निर्यातीच्या तपासण्या आणखी कडक झाल्या. आज युरोपला जायचे तर बागेची नोंदणी लागते, ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षांची नोंद ठेवणाऱ्या संगणक प्रणालीवर प्लॉटचा क्रमांक, फवारणीची वही, नमुना, औषधाच्या उरलेल्या अंशांचा (रेसिड्यूचा) अहवाल, सगळे लागते. पेटीवरच्या क्रमांकावरून घड कोणत्या बागेतला हे तिकडे शोधता येते. तोच शेतकरी, तीच मेहनत. पण जो माल ‘लोकल’ म्हणून बाजारात उतरतो आणि बिटको चौकात हातगाडीवर लागतो, त्याला कोणी काही विचारत नाही. शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी काढला, हे गाडीवाल्याला ठाऊक नसते, मला नसते, माझ्या नातवालाही नसते आणि तो मात्र न धुता तोंडात टाकतो. परदेशी गिऱ्हाईकासाठी आपण जे करू शकतो ते घरच्यासाठी का करत नाही, असे एका बागाईतदाराला विचारले, तर तो म्हणाला, ‘ताई, तिकडे विचारणारा आहे.’

आता विजेविषयी. अन्नाची बातमी आपण एका पानावर छापता आणि विजेची दुसऱ्या, पण माझ्या केंद्रात दोन्हींचा हिशेब एकाच डीप फ्रीजरमध्ये होतो. शिजवलेले अन्न थंड ठेवायचे तर पाच अंशांच्या खाली, गरम ठेवायचे तर साठच्या वर. मधल्या तापमानात जंतूंचे फावते. वळवाचा पाऊस येतो, कुठेतरी फांदी पडते किंवा डीपीचा डिओ (ट्रान्सफॉर्मरवरचा फ्यूज) उडतो, की लाइट गेली. कधी एकच फेज जातो, मग समोरच्या इमारतीत उजेड आणि आमच्याकडे अंधार. इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, फ्रीजर चालत नाही. जनरेटर परवडत नाही. चार-पाच तास गेले की ग्रेव्ही टाकून द्यायची. मी टाकते. पण सगळेच टाकत असतील का? आइस्क्रीमच्या कपाचे झाकण काढल्यावर वर बर्फाचे खडे लागले, की समजावे हा माल बहुधा एकदा वितळून पुन्हा गोठला आहे. वीज गेली होती, याची ती नोंदच म्हणायची.

आमच्या गच्चीवरून एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. २१० मेगावॉटचे तीन संच तिथे आहेत. ६६० मेगावॉटच्या नव्या संचाची घोषणा तर आम्ही इतक्या निवडणुकांत ऐकली आहे, की आता भाषणात ती आली नाही तर चुकल्यासारखे वाटेल. चिमणी शेजारी असून आमच्याकडे अंधार का, असे लोक विचारतात. एकलहऱ्याची वीज आमच्या गल्लीसाठी वेगळी काढून ठेवत नाहीत, ती ग्रीडमध्ये जाते, एवढे मला समजते. आमचे दुखणे आहे उपकेंद्रापासून आमच्या मीटरपर्यंतच्या तारांत आणि तिथे वेळेवर पोहोचणाऱ्या वायरमनमध्ये. एकेका वायरमनकडे किती भाग असतो ते पाहिले, की त्याच्यावर चिडायची इच्छा होत नाही.

वीज कायदा २००३च्या कलम ५७मध्ये सेवेची मानके आणि ती न पाळल्यास ग्राहकाला भरपाई अशी तरतूद आहे. आमच्या ओळीत ती कोणाला मिळाल्याचे मी ऐकले नाही, कारण वीज किती वाजता गेली आणि किती वाजता आली हे सिद्ध कोण करणार? पण आता घरोघरी टीओडी, म्हणजे वापर कोणत्या वेळी झाला हे नोंदवणारे मीटर बसत आहेत. २०२४ साली स्मार्ट प्रीपेड मीटर सर्वसामान्यांना लावणार नाही असे सरकारने जाहीर केले, मग प्रीपेड गेले आणि स्मार्ट तेवढे राहिले. त्यावर मोर्चे निघाले, बिल वाढल्याच्या तक्रारी झाल्या, तो वाद मी इथे उकरत नाही. माझा मुद्दा एवढाच, की हे मीटर वीज गेल्याची आणि आल्याची वेळ नोंदवू शकतात. म्हणजे कोणत्या फीडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीवर) महिन्यात किती तास वीज नव्हती, हे आता महावितरणला माहीत नाही असे होऊ शकत नाही. बिलासाठी मीटर हुशार आणि भरपाईसाठी अडाणी, हे चालणार नाही. (दिवसा वीज नसते म्हणून बिबट्याच्या भीतीने जीव मुठीत धरून रात्री पाणी देणाऱ्या निफाड-सिन्नरच्या शेतकऱ्यांचा प्रश्न याहून मोठा आहे. शेतीला दिवसा सौर वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनी योजनेचे कोणते फीडर खरोखर दिवसा चालू झाले, तेही गावाच्या नावानिशी छापा.)

राजकारणावर मी लिहिणार नव्हते, पण ते टाळता येत नाही. मार्च २०२२मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षे प्रशासकांचा कारभार होता. जानेवारी २०२६मध्ये निवडणूक झाली. आमच्या गल्लीत आलेल्या उमेदवारांच्या पत्रकांत रस्ते, कुंभमेळा, उद्यान सगळे होते. शहरात लोक काय खातात, यावर कोणाच्याही पत्रकात एक ओळ नव्हती. विचारले तर उत्तर तयार: ते एफडीएकडे, आपल्याकडे नाही. एफडीएला विचारले तर माणसे कमी. डिसेंबर २०२४मध्ये हे खाते आपल्या जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या नरहरी झिरवाळ यांच्याकडे आले, तेव्हा वाटले, आता तरी नाशिकला घरच्यासारखे लक्ष मिळेल. जिल्ह्याच्या पालकमंत्रिपदाचा घोळ २०२५च्या जानेवारीपासून आपण रंगवून छापलात, तेव्हा तेवढीच जागा या खात्याच्या कामालाही मिळाली असती तर बरे झाले असते.

सिंहस्थ तोंडावर आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ला ध्वजारोहण, २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुख्य स्नाने. म्हणजे ऐन पावसाळा, दमट हवा, सादळलेले धान्य आणि लाखो माणसे रस्त्यावर जेवणार. रस्ते, घाट आणि तपोवनातली झाडे यांवर भरपूर वाद झाला, तो व्हायलाच हवा होता. पण तात्पुरत्या भंडाऱ्यांतले तेल किती वेळा तापवले जाणार? २०१८पासून नियम आहे, की तळणीच्या तेलात ध्रुवीय घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे) पंचवीस टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरायचे नाही. ते मोजणारे यंत्र हातात मावते. ते नाशिकच्या किती अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांकडे आहे, हे आपल्या बातमीदाराने विचारावे.

आपल्याकडून मला फार काही नको. दर तीन महिन्यांनी अर्धे पान द्या. किती नमुने घेतले, किती अहवाल आले, किती नापास, कोणाला किती दंड, किती प्रकरणे सुनावणीत अडकली. शेजारीच फीडरवार वीज गेल्याचे तास. माहिती दिली नाही तर ‘विचारूनही मिळाली नाही’ असे छापा, तीही बातमीच. आणि छाप्याच्या प्रत्येक बातमीखाली एफडीएचा १८००-२२२-३६५ हा नि:शुल्क क्रमांक आणि विजेचा १९१२ द्या, फोटो थोडा लहान केलात तर जागा निघेल.

घाई एकाच गोष्टीची आहे. आषाढी एकादशी जवळ आली. भगरीतून विषबाधा झाल्याची बातमी दरवर्षी कुठून ना कुठून येते. ओल लागून बुरशी धरलेली भगर किंवा तिचे सुटे पीठ, हे त्याचे नेहमीचे कारण. भगरीच्या गिरण्या आपल्याच नाशिकात आहेत. तिथले नमुने घेतले असतील तर त्यांचे अहवाल एकादशीच्या आधी छापा. उपवासाच्या थाळीच्या ऑर्डरी मला पंधरा दिवस आधी घ्याव्या लागतात.

आपली,
एक पोळी-भाजी केंद्रचालक
जेलरोड, नाशिकरोड