नाना, ओढ्याकडचं खाचर राहू द्या

निशी-कासाई, तोक्यो
रविवार, २२ जून २०२५

तीर्थरूप नाना आणि तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

नाना, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडं तांदूळ पाचशे रुपये किलो झालाय म्हणतात, खरं का गं?" मी काहीतरी बोलून विषय बदलला. मग आपल्या धाकट्याने, माझ्या भावाने, हळूच सांगितलं, की ओढ्याकडच्या खाचरासाठी प्लॉटिंगवाला दोनदा येऊन गेला आणि तुम्ही त्याला अजून नाही म्हटलेलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. या गोष्टी फोनवर माझ्याच्याने बोलवत नाहीत, म्हणून लिहायला बसले आहे. आईला मोठ्याने वाचून दाखवा.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हो, खरं आहे. मे महिन्याच्या मध्याला इथे पाच किलोच्या पिशवीचा सरासरी भाव ४,२८५ येन होता. आपले अडीच हजार रुपये, म्हणजे किलोला पाचशेच. गेल्या वर्षी याच दिवसांत तीच पिशवी २,१०० येनच्या आसपास मिळायची. बासमती आम्ही पाहुणे आले की करतो. रोजच्या वरणभाताला इथलाच तांदूळ लागतो, कारण तो शिजला की आपल्या इंद्रायणीसारखा मऊ आणि चिकट होतो, आणि मुलांना दुसरा चालत नाही. महिन्याला दहा किलो लागतो. म्हणजे नुसत्या तांदळाला चार हजारांहून जास्त येन वाढले. हिवाळ्यात कोबीचा गड्डा पाचशे येनच्या वर गेला होता, तेव्हा मी दोन महिने कोबी आणलाच नाही. अंडी, तेल, वीज, सगळ्यांचं थोडंथोडं असंच आहे. यांचा पगार मात्र दोन वर्षांत नावापुरता वाढला.

आई, तू दर महिन्याच्या एक तारखेला वहीत खर्च मांडतेस ना, तशी वही इथल्या बायकाही ठेवतात. तिला 'काकेइबो' म्हणतात. हानी मोतोको नावाच्या पत्रकार बाईंनी १९०४ साली अशी छापील वही पहिल्यांदा काढली, आणि अजूनही वर्ष संपत आलं की दुकानात नव्या वर्षाच्या वह्या मांडलेल्या असतात. मीही ठेवते. गेल्या वर्षाची आणि या वर्षाची जून महिन्याची पानं समोरासमोर ठेवली, तर जिन्नस कमी आणि बेरीज मोठी.

इथल्या माणसांना याची सवय नाही. आपल्याकडे भाव चढतात, मोर्चे निघतात, लोक चार शिव्या देतात आणि पुढे जातात. इथे जवळजवळ तीस वर्षं भाव जागचे हलले नव्हते. गारीगारी-कुन नावाची एक बर्फाची कांडी आहे, मुलांच्या फार आवडीची. २०१६ साली कंपनीने तिची किंमत पंचवीस वर्षांनी ६० वरून ७० येन केली, तेव्हा मालकापासून कामगारांपर्यंत सगळे ओळीत उभे राहून, कमरेत वाकून टीव्हीवर लोकांची माफी मागत होते. दहा येनसाठी! त्यामुळे तांदूळ वर्षात दुप्पट झाला, हे इथल्या म्हाताऱ्यांना सहनच होत नाही. मी ज्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते, तिथल्या माझ्या जोडीदारीण बाई ७१ वर्षांच्या आहेत. त्या हल्ली घरच्या भातात सातू मिसळतात. "लहानपणी गरिबीत खात होतो, आता परत खातोय," म्हणाल्या, आणि पुन्हा भांडी घासायला वळल्या.

असं का झालं, ते मी त्यांना आणि इथल्या ओळखीच्या लोकांना विचारत राहिले, कारण तुमच्यासारखा भात लावणारा माणूस मला हेच विचारणार हे ठाऊक होतं. २०२३ चा उन्हाळा भयंकर कडक गेला, दाणा पांढुरका पडला, भरडताना तुकडा जास्त निघाला. ऑगस्ट २०२४ मध्ये मियाझाकीकडे भूकंप झाला आणि मोठ्या भूकंपाची शक्यता वाढल्याचा इशारा सरकारने दिला, तेव्हा लोकांनी घाबरून दुकानं रिकामी केली. पण ही वरवरची कारणं. मूळ कारण जुनं आहे. १९७० च्या सुमाराला तांदूळ जास्त होतोय म्हणून सरकारने शेतकऱ्यांना भात कमी लावायचे पैसे द्यायला सुरुवात केली. ते धोरण कागदावर २०१८ मध्ये संपलं, तोवर दोन पिढ्या शेतातून निघून गेल्या होत्या. आज इथल्या शेतकऱ्याचं सरासरी वय सत्तरीला टेकलंय, आणि वारस शहरात.

नाना, हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला. तुमचं वय अडुसष्ट. मी तोक्योत, धाकटा चाकणच्या कारखान्यात.

मार्चच्या ३० तारखेला शेतकऱ्यांनी तोक्योच्या मधोमध तीसेक ट्रॅक्टरांची मिरवणूक काढली. उंच इमारतींमधून ट्रॅक्टर चालले होते आणि फुटपाथवरचे लोक टाळ्या वाजवत होते. भात पिकवणाऱ्याला सगळा खर्च वजा जाता तासाला १० येन सुटतात, असं ते सांगत होते. १० येन म्हणजे सहा रुपये. २०२१ च्या पिकाला ६० किलोंमागे घाऊक भाव १३ हजार येनच्या आत होता. त्या वर्षी कोणी बातमी केली नाही. शेतकरी मरत होता, तेव्हा भात स्वस्त होता, आणि सगळे खूश होते. मला आपल्या अंगणात झोडलेलं भात आठवलं. सरकारने यंदा क्विंटलला २,३६९ रुपये हमीभाव जाहीर केलाय, आणि आवणीच्या मजुरीचा, खताचा हिशेब तुम्ही मांडलात की शेवटी "घरचं खायला मिळतं" एवढंच उरतं. ते एवढंच किती मोठं आहे, हे मला इथे पाच किलोची पिशवी उचलताना कळलं.

मे महिन्यात इथल्या शेतीमंत्र्यांनी एका सभेत सांगितलं, की मी तांदूळ कधी विकतच घेतला नाही, समर्थक इतका देतात की विकता येईल. तीन दिवसांत त्यांना पद सोडावं लागलं. नव्या मंत्र्यांनी सरकारी गोदामातला साठा थेट दुकानांना दिला. हा साठा ठेवायची पद्धत १९९३ च्या थंड उन्हाळ्यानंतरची. तेव्हा पीक पार बसलं होतं आणि थायलंडहून तांदूळ आणावा लागला होता. आता त्या साठ्यातली पाच किलोची पिशवी दोन हजार येनच्या आसपास मिळते, एका कुटुंबाला एकच. मीही दुकान उघडायच्या आधी दीड तास रांगेत उभी राहिले. माझ्या पुढे एक आजोबा घडीची खुर्ची घेऊन आले होते. तांदूळ मिळाला तो २०२२ च्या पिकाचा. शेजारीण मला दिलगिरीच्या सुरात म्हणाली, "जुना आहे हो, वास येईल." इथे नव्या तांदळाचं कौतुक आणि जुन्याला नाक मुरडतात. मी तिला सांगितलं, आमच्याकडे घरात दोन वर्षांचा जुना तांदूळ असणं ही श्रीमंती. घरी आणून धुतला, अर्धा तास भिजवला, वरण-भात लावला. चांगला झाला. मुलं पोटभर जेवली.

तुम्ही म्हणालात, घरचे दोन कट्टे पाठवू का. नका पाठवू. धान्याला तपासणीचे कागद लागतात, आणि ठरावीक कोट्याबाहेर परदेशी तांदळावर किलोला ३४१ येन जकात आहे. तुमच्या मनात आलं, तेवढ्यानेच मी जेवले.

आता जे सांगायला मी कचरत होते ते. मी दर महिन्याला ३० हजार येन पाठवते. २०२० मध्ये त्याचे २१ हजार रुपये व्हायचे. गेल्या वर्षी उन्हाळ्यात येन इतका पडला, की तुमच्या खात्यात साडेपंधरा हजारच आले. आता साडेसतरा होतात. मी एक येनही कमी केला नव्हता, पण तुम्हाला वाटलं असेल की लेकीचं काही बिनसलंय, आणि तुम्ही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आईच्या गुडघ्याच्या औषधांचा खर्च त्याच वर्षी वाढला. तो प्लॉटिंगवाला त्या खड्ड्यातूनच आत आलाय, हो ना नाना? हे माझ्या मनाला फार लागलंय.

म्हणून आम्ही दोघांनी बसून ठरवलं आहे. दिवाळीला आम्ही चौघं येणार होतो. चार तिकिटांचे पैसे आम्ही तीन वर्षं बाजूला टाकत होतो. आता मी एकटीच येईन, कापणीला, ऑक्टोबरच्या शेवटी. मुलांना वाईट वाटलंय, थोरला रुसून बसलाय, पण यांनीच त्याला समजावलं. उरलेल्या पैशांतून एक वर्षाची औषधं आणि ओढ्याकडचा फुटलेला बांध, एवढं होईल. पैसे जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाठवते. कामाचे तासही मी वाढवून घेतलेत. माझ्या व्हिसावर आठवड्याला २८ तासांपर्यंत काम चालतं, मी २० करत होते.

ते खाचर विकू नका. बंगलेवाला एकदा भराव टाकून गेला की त्या चिखलात परत भात लागत नाही. इथे बाहेरगावी गेले की रेल्वेच्या खिडकीतून मी गवत माजलेली खाचरं पाहते. बांध अजून दिसतात, पाणी धरणारं कोणी नाही. जमीन तुमची, कष्ट तुमचे, मी लांब बसून सांगतेय, हे मला कळतं. तुमचं शरीर थकलं असेल तर वर्षभर वाट्याने द्या, वरच्या आळीतल्या पोरांना द्या. फक्त खरेदीखतावर सही करू नका. मी आले की समोरासमोर बसून बोलू.

यंदा पाऊस मे महिन्यातच आला, वाफसाच मिळाला नाही, असं धाकटा सांगत होता. दाढ नीट उतरली का? रोपं पिवळी तर पडली नाहीत ना? आवणीला इरजीक होणार की मजूर बोलवावे लागणार, आणि यंदा मजुरी किती मागतात, ते सगळं कळवा. पालख्या निघाल्याचं मोबाइलवर पाहिलं. देहूहून तुकोबांची पालखी बाहेर पडताना आई दरवर्षी मला कडेवर घेऊन जायची, ते आठवलं. इथेही पाऊस लागलाय, सकाळपासून खिडकी ओली आहे.

वहिनींना आणि धाकट्याला आशीर्वाद. तुम्हा दोघांना पुन्हा नमस्कार.

तुमची,
थोरली

ता. क. आई, तुझ्या वहीतलं या महिन्याचं पान धाकट्याला मोबाइलवर फोटो काढून पाठवायला सांग. औषधांचा आकडा खोडून लहान करू नकोस.