आकड्याची स्ट्रिंग करणं एका ओळीत संपत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत कोडिंग शिकवणारं जे सदर येतं ते मी पहिल्या भागापासून वाचतोय, सोप्या भाषेत असतं आणि ते चालू राहावं असं मनापासून वाटतं. पण मागच्या भागात आकड्याची स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ओळ, कशी करायची हे सांगताना लेखकांनी टू-स्ट्रिंग ह्या फंक्शनला आकडा द्या, स्ट्रिंग मिळते, एवढ्यावर विषय आटोपला. मी बरीच वर्षं सी प्लस प्लस ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेत काम करतोय आणि ह्याच एका ओळीने माझे दोन महिने पाण्यात घातलेत म्हणून लिहायला बसलो.

झालं असं की आमच्याकडे एक प्रोग्राम मोजमापं घेऊन फाइलमध्ये लिहून ठेवायचा आणि दुसरा ती फाइल वाचून हिशोब करायचा. लिहिणारा कोड माझाच, त्यात सरळ टू-स्ट्रिंग वापरलेलं. टेस्टिंगच्या वेळी आकडे सगळे १२.५, ३.७५ असले, त्यामुळे काही खटकलंच नाही. नंतर ०.००००००४२ अशा बारीक व्हॅल्यू यायला लागल्या आणि फाइलमध्ये काय पडलं तर ०.००००००. एरर नाही, वॉर्निंग नाही, प्रोग्राम आपला मस्त चालू. दुसऱ्या प्रोग्राममध्ये एका ठिकाणी ह्याच व्हॅल्यूने भागाकार होता, तिथे उत्तर इन्फिनिटी यायला लागलं तेव्हा कुठे मी फाइल उघडून बघितली, तर ओळीच्या ओळी नुसती शून्यं. मूळ आकडे कुठेच ठेवलेले नव्हते, सगळी मोजमापं पहिल्यापासून घ्यावी लागली.

कारण साधं आहे. हे फंक्शन २०११ च्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमांत, आलं तेव्हा दशांश आकड्यांसाठी ते प्रिंटएफ ह्या छापायच्या फंक्शनच्या जुन्या पद्धतीला बांधलं गेलं, म्हणजे पॉइंटनंतर कायम सहा घरं, आकडा कितीही लहान असो की मोठा. दुसऱ्या टोकालाही तेच, १ वर २३ शून्यं असलेला आकडा द्या, ९९९९९९९९९९९९९९९९१६११३९२.०००००० असं लांबलचक काहीतरी हातात येतं.

पूर्णांकाचं तसं सोपं असतं, १० ने भागत जायचं, बाकी उरेल तो अंक घ्यायचा आणि शेवटी अंक उलटे लावायचे. फक्त ३२ बिटमध्ये (० किंवा १ च्या ३२ घरांत) मावणारा सगळ्यात लहान आकडा, −२१४७४८३६४८, त्याचं आधी चिन्ह बदलून मग अंक काढायला गेलात तर फसाल, कारण धन बाजूला २१४७४८३६४७ च्या पुढे जागाच नाही.

खरी गोम दशांशात आहे. कॉम्प्युटर आकडे बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, साठवतो आणि ०.१ बायनरीत पूर्ण बसतच नाही, आत जे असतं ते ०.१००००००००००००००००५५५१११ आणि पुढे बरंच काही. मग छापायचं काय? सहा घरं छापली तर माझ्यासारखं होतं. १७ सार्थ अंक (सुरुवातीची शून्यं सोडून मोजलेले) छापले तर डबल, म्हणजे ६४ बिटचा दशांश आकडा, परत वाचताना हमखास तोच मिळतो, पण मग साध्या ०.१ चं ०.१०००००००००००००००१ दिसतं, पायथन भाषेच्या जुन्या व्हर्जनमध्ये असंच दिसायचं आणि शिकणारी मुलं घाबरायची. बरोबर उत्तर असं की परत वाचल्यावर नेमका तोच आकडा मिळेल असे कमीत कमी अंक छापायचे. गाय स्टील आणि जॉन व्हाइट यांनी हे १९९० मध्येच पेपर लिहून दाखवलं होतं! पायथनने २००९ मध्ये ३.१ व्हर्जनला ते घेतलं, २०१० मध्ये फ्लोरियन लॉइट्शची ग्रिसू आणि २०१८ मध्ये उल्फ अॅडम्सची ऱ्यू ही पद्धत आली आणि हे काम वेगानेही व्हायला लागलं. जावा ही भाषा तर कधी कधी गरजेपेक्षा जास्त अंक छापायचं, ते २०२२ मध्ये १९ व्या व्हर्जनला नीट झालं. इतकी हुशार माणसं इतकी वर्षं ज्याच्या मागे लागली ते आपण मुलांना एका वाक्यात उरकून सांगतो ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

लोकेलचा, म्हणजे मशीनच्या देश-भाषेच्या सेटिंगचा, त्रास आणखी वेगळा. मशीनची सेटिंग जर्मन असेल आणि प्रोग्रामने ती उचलली तर ३.७५ चं ३,७५ होतं आणि कॉमावर तोडलेल्या फाइलमध्ये एका कॉलमचे दोन कॉलम होतात. जावाच्या फॉरमॅट फंक्शनला लोकेल सांगितली नाही आणि सेटिंग मराठी असेल तर अंक देवनागरीत येऊ शकतात. स्क्रीनवर ते मला फार आवडतं, तिथे तसंच हवं, पण तीच स्ट्रिंग सर्व्हरला गेली की तो बिचारा आकडा म्हणून ओळखतच नाही. माणसाने वाचायची स्ट्रिंग आणि मशीनने वाचायची स्ट्रिंग ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पहिल्याच दिवशी शिकवलं पाहिजे.

सी प्लस प्लसच्या २०१७ च्या स्टँडर्डपासून टू-चार्स हे फंक्शन आहे, ते लोकेल बघत नाही आणि परत तोच आकडा देतं. टू-स्ट्रिंगची व्याख्याही सी प्लस प्लस २६ च्या स्टँडर्डमध्ये बदलली, पण जुन्या कंपायलरवर (कोडचा चालणारा प्रोग्राम करून देणाऱ्या साधनावर) बसलेल्यांना त्याचा काय उपयोग. म्हणून सदर लिहिणाऱ्यांना विनंती, पुढच्या भागात एवढा एक प्रयोग द्या: ०.००००००४२ ची टू-स्ट्रिंगने स्ट्रिंग करा, ती परत आकड्यात वाचा आणि दोन्ही सारखे आहेत का ते तपासा, मग हेच टू-चार्सने करून बघा. दहा ओळींचा कोड आहे, मी लिहून पाठवायला तयार आहे.

आपला,
एक नियमित वाचक