भिंत आधी वाळू द्या, चित्र पुसण्याआधी नोंदवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की मुंबईत भिंती रंगवण्याचा हंगाम सुरू होतो. सोसायट्या कुंपणाची भिंत हाती घेतात, शाळा मुलांना ब्रश देऊन बाहेर काढतात, मंडळे चौकातला कोपरा हेरतात. याच दिवसांत वांद्र्याच्या गल्ल्यांतून कॅमेरा घेऊन चित्रे शोधत फिरणारेही वाढतात. दोघांच्याही उपयोगी पडावे म्हणून हे पत्र लिहीत आहोत. हौसेने काढलेली कितीतरी चित्रे दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे धरतात. जी टिकतात त्यांच्यावर एके दिवशी कुणालाही न विचारता पांढरा हात फिरतो. पहिली गोष्ट टाळता येते. दुसरी नेहमीच टाळता येईल असे नाही, पण निदान नोंद तरी ठेवता येते.

आधी पाहणाऱ्यांसाठी. हिल रोडवरून चॅपेल रोडला शिरावे आणि रनवार गावठाणातून वरोडा रोड, वेरोनिका स्ट्रीट असे पायी फिरावे. रविवारी सकाळी आठच्या सुमारास जावे. नंतर दुचाक्या उभ्या राहतात आणि चित्राचा खालचा अर्धा भाग झाकला जातो. दुकानांच्या शटरवरची चित्रे तर दुकान उघडले की गुंडाळूनच जातात. रणजित दहिया यांनी 2012 मध्ये सुरू केलेल्या बॉलीवूड आर्ट प्रोजेक्टमधली सिनेमाची चित्रे याच परिसरात आहेत, आणि बहुतेक लोक तेवढीच पाहून परततात. शेजारच्या फाटक्या, अर्धवट, एकावर एक चढलेल्या चित्रांपाशीही थांबावे. गावठाणातल्या या भिंती लोकांच्या राहत्या घरांच्या आहेत. खिडकीत डोकावू नये, ओट्यावर चढू नये, मोठ्याने बोलू नये.

चित्र आधी समोरच्या कडेने पाहावे, मग हातभर अंतरावरून. रेघेची कड मऊ, धुरकट असेल तर स्प्रे कॅन. कड कापल्यासारखी असून आजूबाजूला रंगाचे बारीक ठिपके उडालेले असतील तर स्टेन्सिल, म्हणजे पुठ्ठ्यात आकार कापून त्यावरून मारलेला रंग. केसांसारखे ओरखडे दिसले तर ब्रश. एकाच रंगात झटक्यात मारलेली सही म्हणजे टॅग, फुगीर अक्षरांत दोन रंगांचे झटपट काम म्हणजे थ्रो-अप, आणि सावल्या, कडा, पार्श्वभूमी यांसह तब्येतीने केलेले अक्षरकाम म्हणजे पीस. कागदावर घरी काढून खळीने भिंतीला डकवलेले ते पेस्ट-अप. ‘टायलर’ या टोपणनावाने मुंबईत स्टेन्सिलची कामे झाली आहेत. अशा कामात चित्रकाराला भिंतीसमोर थोडाच वेळ मिळतो, सगळी मेहनत पुठ्ठा कापण्यात आधीच झालेली असते. हे ठाऊक असले की छोट्याशा स्टेन्सिलकडेही माणूस दोन मिनिटे जास्त पाहतो.

मुंबईकराला भिंत वाचायची सवय जुनी आहे. निवडणुकीआधी पक्षांचे कार्यकर्ते भिंतीला पांढरा हात मारून ‘राखीव’ असे लिहून ठेवत, आणि रंगारी गेरूने व निळीने मोठी अक्षरे उभी करत. सिनेमाचे हाताने रंगवलेले फलक वर्षानुवर्षे चौकाचौकांत उभे होते. चौकटी आखून छोटे चित्र मोठे करण्याची रीत ते पेंटरही वापरत, आणि आजही भित्तिचित्राला ती सोपी पडते.

सेनापती बापट मार्गाला आपण अजून तुळशी पाइप रोड म्हणतो, तुळशी तलावाचे पाणी आणणाऱ्या नळावरून. तिथली पश्चिम रेल्वेच्या रुळांलगतची लांबलचक भिंत ऑगस्ट 2009 मध्ये ‘वॉल प्रोजेक्ट’ या भिंती रंगवण्याच्या उपक्रमाच्या हाकेला आलेल्या शेकडो हौशी-जाणत्या लोकांनी माहीम ते दादर अशी रंगवली. वांद्रे रेक्लमेशनला एमटीएनएलच्या इमारतीवरचे दादासाहेब फाळके यांचे चित्र 2014 चे, स्टार्ट इंडिया फाउंडेशनच्या उपक्रमातले. त्याच संस्थेने 2017 च्या अखेरीस ससून डॉकमध्ये कला-प्रकल्प केला. चर्चगेट स्थानकाच्या इमारतीवर रंगवलेले गांधीजी ब्राझीलच्या एदुआर्दो कोब्रा यांचे. अशी प्रचंड चित्रे जवळून कळतच नाहीत. रस्ता ओलांडून इतके मागे जावे की चेहरा एका नजरेत मावेल.

आता रंगवणाऱ्यांसाठी, आणि इथे जरा सविस्तर लिहितो. चित्र खराब होण्याचे मुख्य कारण भिंतीच्या पोटातले पाणी आहे. मुंबईत जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ऑक्टोबरच्या उन्हात भिंत वरून कोरडी दिसते, आतून नसते. रेल्वेच्या आणि टेकडीच्या कडेच्या भिंतींमागे तर मातीच असते, तिथले पाणी महिनोन्‌महिने पुढे झिरपत राहते. अशा भिंतीत पाणी बाहेर पडण्यासाठी खालच्या बाजूला भोके ठेवलेली असतात. चित्र सलग दिसावे म्हणून ती सिमेंटने बुजवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. भोक चित्रात सामावून घ्यावे, बुजवू नये.

ओल तपासायची साधी रीत अशी. दोन फूट बाय दोन फूट पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवावा आणि चोवीस तास ठेवावा. आतल्या बाजूला थेंब जमले किंवा भिंतीचा रंग गडद झाला तर थांबावे. जमिनीपासून फूटभर, कमरेइतके आणि डोक्याच्या वर असे तीन ठिकाणी हे करावे, कारण खालची ओल वरच्यापेक्षा सहसा जास्त असते. खालचे दोन फूट वाळतच नसतील तर चित्र त्यावरून सुरू करावे आणि खालचा पट्टा एकाच साध्या रंगाचा ठेवावा. तो दर वर्षी कुणीही पुन्हा मारू शकतो, चित्राला हात लागत नाही.

नंतर तळहात भिंतीवर घासून पाहावा. पांढरी पूड लागली तर खाली चुना किंवा जुने डिस्टेंपर आहे. त्यावर मारलेला रंग भिंतीला धरत नाही, पुडीला धरतो आणि पापडासारखा उतरतो. पत्र्याने खरवडून, तारेच्या ब्रशने घासून पक्का थर लागेपर्यंत जावे. पांढरे क्षार फुटले असतील तर आधी कोरड्या ब्रशने झाडावेत. पाणी मारले की ते विरघळून परत आत शिरतात. शेवाळ असेल तर एक भाग द्रवरूप ब्लीच आणि तीन भाग पाणी लावून पंधरा-वीस मिनिटांनी घासावे, स्वच्छ धुवावे आणि दोन-तीन दिवस वाळू द्यावे. हातमोजे घालावेत, आणि ब्लीचमध्ये कुठलेही ॲसिड मिसळू नये, विषारी वायू निघतो. नव्या प्लास्टरला 28 दिवस द्यावेत. भेगा बाहेरच्या भिंतीच्या भरावानेच भराव्यात. घरातली पुट्टी बाहेर वापरली तर पहिल्या पावसात मऊ पडते.

रंग कुठला? भिंतीला बाहेरचे ॲक्रिलिक इमल्शन (पाण्यात कालवायचा रंग), शटरला आणि लोखंडी दाराला रेड ऑक्साइड प्रायमरवर ऑइल पेंट. उलट करू नये. सिमेंटमधला अल्कली ऑइल पेंटमधल्या तेलाचा साबण करतो, रंग चिकट होतो, फुगतो, सुटतो. शिवाय ऑइल पेंट ओल अडवून धरतो, इमल्शनमधून ती थोडी तरी बाहेर पडते. चकाकी छान दिसते म्हणून अजूनही पुष्कळ ठिकाणी भिंतीवर ऑइल पेंट मारला जातो. दुपारच्या उन्हात त्यावर डोळा ठरत नाही आणि फोटोही येत नाही, हे वेगळेच.

वीस फूट लांब, आठ फूट उंच म्हणजे 160 चौरस फुटांच्या भिंतीला बाहेरचा प्रायमर दोन लिटर, पांढऱ्या इमल्शनचा चार लिटरचा एक डबा (दोन हात), आणि चित्रासाठी पाच-सहा रंग प्रत्येकी एक लिटर लागतात. खरबरीत भिंतीला रंग जास्त लागतो, म्हणून प्रायमर मारतानाच अंदाज घ्यावा. रंग पुरवण्यासाठी पाणी वाढवणे हा सगळ्यात मोठा घात. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणापलीकडे गेले की रंग धरून ठेवणारा चिकटा पातळ होतो आणि वर्षभरात हाताला पूड लागू लागते. स्टेनरच्या (रंगात मिसळायच्या गडद रंगद्रव्याच्या) बाटल्या ओतून गडद रंग करण्याचेही तसेच. गडद छटा दुकानातून मशीनवर बनवून घ्याव्यात. स्प्रेने काम करायचे तर 400 मिलीच्या एका कॅनमध्ये पंधरा-वीस चौरस फूट भरीव रंग होतो. त्यामुळे मोठे सपाट भाग रोलरने आणि कॅन फक्त छटांना, कडांना ठेवणे खिशाला परवडते. कापडी मास्कने रंगाची वाफ अडत नाही. वाफेसाठीचे कार्ट्रिज असलेलाच मास्क हवा, मुलांच्या हाती कॅन देऊच नये.

कागदावर एक इंच म्हणजे भिंतीवर एक फूट असे धरून चौकटी आखाव्यात. उभी रेघ ओळंब्याने, आडवी रेघ पारदर्शक नळीत पाणी भरून घ्यावी. फुटपाथवरून माप घेऊ नये. मुंबईचा फुटपाथ पाण्याच्या निचऱ्यासाठी उतरता असतो, त्यावरून आखलेले चित्र शेवटी एका बाजूला कललेले दिसते आणि तोवर फार उशीर झालेला असतो. हिवाळ्यात सकाळी भिंतीवर दव असते, म्हणून साडेनऊपर्यंत थांबावे. दुपारी समुद्राचा वारा सुटला की स्प्रे उडतो, तेव्हा स्प्रेचे काम त्याआधी उरकावे. परांचीवर चढायचे असेल तर खाली एक माणूस कायम उभा हवा, आणि रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय पाऊलही टाकू नये. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 खाली तो गुन्हा आहे.

रंग उडतो तोही सारखा नाही. चमकदार निऑन छटा काही महिन्यांत जातात, स्वस्त लाल-पिवळे त्यांच्या मागोमाग. गेरूचा लाल, पिवळा ऑक्साइड, काळा आणि थॅलो जातीचे निळे-हिरवे वर्षानुवर्षे राहतात. पश्चिमेकडे तोंड असलेल्या जुन्या चित्रातले चेहरे निळसर का दिसतात, याचे कारण हेच. ज्या रंगावर चित्र उभे आहे तो टिकणाराच निवडावा.

पेस्ट-अपची खळ मैद्याचीच. एक वाटी मैदा थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवून पाच-सहा वाट्या उकळत्या पाण्यात ढवळत शिजवायची. कागद पातळ घ्यावा, खळ भिंतीला आणि कागदाच्या वरूनही लावावी. हे काम पावसाळ्यात जायचेच, ते धरूनच करायचे असते.

परवानगीची बाब लोक किरकोळ समजतात, ती तशी नाही. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा 1995 पासून आहे. खासगी भिंत असेल तर मालकाचे किंवा सोसायटीचे लेखी पत्र, महापालिकेची असेल तर वॉर्ड ऑफिसचे, रेल्वेची असेल तर रेल्वेचे. त्या पत्रात चित्र किती वर्षे राहील आणि पुसण्याआधी कळवले जाईल का, हे दोन मुद्दे आवर्जून लिहून घ्यावेत. बहुतेक पत्रांत तेच नसतात.

चित्रकाराचा हक्कही भिंतीबरोबर मालकाकडे जात नाही. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 57 मध्ये नावाचा आणि कामाची मोडतोड न होण्याचा हक्क कलावंताकडे राहतो. विज्ञान भवनातले अमरनाथ सेहगल यांचे भित्तिशिल्प काढून टाकल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये पाच लाखांची भरपाई दिली होती. सार्वजनिक जागेतल्या पुतळ्याचा फोटो छापण्याची मोकळीक कायद्यात आहे, पण रंगवलेल्या चित्राला ती लागू नाही. आठवणीसाठी फोटो काढणे वेगळे, तो जाहिरातीत किंवा टी-शर्टवर वापरायचा तर चित्रकाराला विचारावेच लागेल.

आता मागणी. प्रत्येक चित्राच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, ओलीच्या पट्ट्याच्या वर, तळहाताएवढ्या जागेत चित्रकाराचे नाव, महिना-वर्ष आणि परवानगी देणाऱ्याचे नाव लिहिण्याची अट वॉर्ड ऑफिसांनी घालावी. कुठलेही चित्र पुसण्याआधी पंधरा दिवस भिंतीवर सूचना लावावी आणि समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक, सहीचा एक असे चार फोटो वॉर्डात जमा व्हावेत. फोटो ढगाळ सकाळी, भिंतीला समांतर उभे राहून काढावेत, आणि चौकटीत फूटपट्टी किंवा माणूस असावा म्हणजे माप कळते. चार फोटो आणि चार ओळी एवढाच हा खर्च आहे.

आपल्या मुंबई पुरवणीत आठवड्याला एका भिंतीसाठी छोटी चौकट दिलीत, रस्त्याचे नाव, चित्रकार, वर्ष आणि आजची अवस्था एवढाच मजकूर, तर सुरुवात तुळशी पाइप रोडपासून करावी. माटुंगा रोड स्थानकाबाहेर पडले की भिंत समोरच आहे.

आपले,
भिंती रंगवणारे आणि भिंती पाहत फिरणारे काही मुंबईकर,
माहीम