एकच नाव, दोन राशी : जहाजाचे जडत्व आघूर्ण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जहाजबांधणीच्या अभ्यासक्रमांची ओळख करून देणाऱ्या आपल्या लेखात ‘जड जहाजाचे जडत्व आघूर्ण अधिक, म्हणून ते सहसा उलटत नाही’ असे विधान आहे. डिप्लोमाच्या वर्गात ही गफलत मी इतक्या वेळा दुरुस्त केली आहे की पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही.

उद्यमनगरात ऑइल इंजिनाचे फ्लायव्हील ओतणाऱ्यांना जे जडत्व आघूर्ण ठाऊक आहे, म्हणजे वस्तूचा फिरण्यातील बदलाला होणारा विरोध मोजणारी राशी, त्यात वस्तुमान असते. जहाज किती संथ डोलेल हे ठरण्यात त्याचा वाटा असतो. मात्र कललेले जहाज पुन्हा सरळ होईल का, हे पाहताना लागणारे आघूर्ण वेगळे. ते पाण्याच्या पातळीवर जहाजाचा जो आडवा छेद मिळतो त्याच्या क्षेत्रफळाचे, म्हणजे ते क्षेत्रफळ मध्यरेषेपासून किती दूर पसरले आहे हे सांगणारे असून त्याचे एकक मीटरचा चौथा घात आहे. त्याला विस्थापित पाण्याच्या घनफळाने भागले की उत्प्लावन केंद्रापासून (विस्थापित पाण्याच्या मध्यापासून) मेटासेंटरची, म्हणजे जहाज किंचित कलले असता पाण्याच्या वर ढकलणाऱ्या जोराची रेषा जहाजाच्या मध्यरेषेला जिथे छेदते त्या बिंदूची, उंची मिळते (ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ प्येर बुगेर यांच्या 1746 च्या ग्रंथातली), आणि मेटासेंटर गुरुत्वमध्याच्या वर असेल तरच जहाज सावरते. म्हणजे आकार तोच ठेवून वजन वाढवले, तर भाजक वाढून ही उंची उलट घटते.

पुरात गुऱ्हाळाची काहिल नावेसारखी वापरलेली आपल्याकडे अनेकांनी पाहिली आहे. पाण्यालगत तिचा व्यास अडीच मीटर आणि माणसांसह वजन 600 किलो धरले, तर आघूर्ण सुमारे 1.92 मीटर⁴ येते, त्याला विस्थापित पाण्याच्या 0.6 घनमीटरने भागता मेटासेंटरची उंची 3.2 मीटर. जेमतेम 12 सेंटिमीटर बुडालेली काहिल इतकी स्थिर असते ती केवळ पसरटपणामुळे. पण तिच्यात पाणी शिरून तळभर पसरले, की त्या आतल्या पृष्ठभागाचे आघूर्ण जवळपास तितकेच असल्याने ते मूळ आघूर्णातून वजा होते आणि सगळा फायदा संपतो. जहाजाची रुंद टाकी मधोमध उभ्या पडद्याने विभागतात ती याचसाठी. एका पडद्याने हा तोटा चौथाईवर येतो.

पाठ्यपुस्तकांनी या दुसऱ्या राशीला सरळ ‘क्षेत्र आघूर्ण’ म्हणावे आणि प्रत्येक उदाहरणात एकक लिहावे, अशी विनंती आपल्या पत्रामार्फत करतो.

आपला,
एक निवृत्त अधिव्याख्याता, कोल्हापूर