पीसीव्ही 45 आणि तरीही रक्त कमी

मिरज

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर विचारलंस, तुमच्या वॉर्डातल्या बाळाचा पीसीव्ही 45 आला, तरी मॅडम रक्त कमी आहे असं का म्हणतात. तू घाईत होतीस, म्हणून सविस्तर लिहिते.

पीसीव्ही म्हणजे नुसतं प्रमाण गं. शंभर भाग रक्तात लाल पेशी किती, एवढंच त्यातून कळतं. अंगात एकूण किती, ते नाही. जन्मताना रक्त गेलं तर पेशी आणि प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव, दोन्ही बरोबरच जातात, म्हणून पहिले काही तास आकडा बरा दिसतो. त्यात टाचेतलं रक्त असेल तर तो शिरेतल्यापेक्षा जास्तच येतो.

एकूण पेशी मोजायच्या तर काही पेशींवर खूण करून त्या रक्तात सोडाव्या लागतात. 1950 साली ग्रे आणि स्टर्लिंग यांनी ही खूण क्रोमियम-51 ने करून दाखवली. किरणोत्सारी क्रोमेट, म्हणजे क्रोमियमचा क्षार, पेशीत शिरून हिमोग्लोबिनला चिकटतं. त्या पेशी धुऊन परत शिरेतून द्यायच्या. समजा दिलेल्या पेशींचे एकूण काउंट (यंत्राने मोजलेला किरणोत्सर्ग) 40,000 होते आणि नंतरच्या नमुन्यात दर मिली पेशींमागे 1,000 सापडले, तर अंगात पेशी 40 मिली.

पण बाळाच्या पेशींत गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त. त्यातून क्रोमियम लवकर निसटतं आणि पेशींचं आयुष्य आहे त्याहून कमी भासतं. शिवाय क्रोमियम-51 चं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणारा वेळ, सुमारे 28 दिवस. एवढ्याशा जिवाला तेवढा किरणोत्सर्ग का द्यायचा? म्हणून बायोटिनची खूण आली, याचं मला फार समाधान वाटतं. साधं जीवनसत्त्व ते. पेशींना कमी-जास्त प्रमाणात लावलं की फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर, बाळाच्या आणि दात्याच्या पेशी वेगवेगळ्या ओळखू येतात. अकाली जन्मलेल्या बाळाची नाळ मिनिटभर थांबून बांधली तर लाल पेशी वाढतात, हेही याच पद्धतीने मोजून दाखवलंय.

तुमच्या वॉर्डात ही मोजणी होणार नाही, ते मला माहीत आहे. पण किलोभराच्या बाळात रक्त जेमतेम 90 मिली, हे मनात पक्कं ठेव. आमच्याकडे जत-आटपाडीकडून बाळं येतात. तिकडे एकदा रक्त काढलेलं असतं, इथे आल्यावर पुन्हा काढतात. कितीदा मोठ्यांच्या बल्बात (रक्ताच्या नमुन्याच्या नळीत) 2 मिली भरून येतं. सीबीसीला, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीला, अर्धा मिली भरपूर झाला! मोठ्या माणसाच्या हिशेबाने ते 2 मिली म्हणजे एका वेळी शंभर मिलीच्या वर रक्त काढणं झालं. लहान बल्ब मागून घेत जा, नसतील तर मॅडमना सांग.

आणि रोज किती मिली काढलं, याची नोंद तुमच्याकडे केसपेपरवर ठेवतात का? तेवढं कळव.

तुझी,
आई