बापूमामांच्या मानेचं

प्रिय शिऱ्या,

दिवाळीपासून पत्र नाही, शिव्या घालशील त्या नंतर घाल. आम्ही बरे आहोत, आईचा गुडघा तसाच. हे तुलाच लिहावंसं वाटलं. घरी "झालं ना आता सगळं ठीक" म्हणून विषय मिटवतात.

बापूमामा न्हाणीघरात घसरले. मान दुखायला लागली. एका दवाखान्यात एक्स-रे काढून "फ्रॅक्चर नाही" म्हणाले, पट्टा नि गोळ्या देऊन घरी पाठवलं. पुढे डाव्या बोटांना मुंग्या. मी फिल्म उजेडात धरली. शिऱ्या, सी-सिक्सच्या, म्हणजे मानेच्या सहाव्या मणक्याच्या, खाली नुसती खांद्यांची पांढरी सावली! सातवा मणका दिसतच नाही. जो दिसला नाही तो नॉर्मल कसा रे? आणि मामांना अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, मणके एकमेकांना जुळून कणा ताठ होण्याचा आजार, हे तर सगळ्या गावाला ठाऊक. असा जुळून गेलेला कणा मांडीच्या हाडासारखा आरपार मोडतो, साध्या घसरण्यानेसुद्धा.

सीटीत सी-सिक्स-सेव्हनमधून पुढून मागेपर्यंत चीर. एमआरआयत मज्जारज्जूलगत थोडं रक्त. अशा कण्यात दुसरीकडेही मोडलेलं असू शकतं, म्हणून पूर्ण कणा बघितला, बाकी ठीक. टेक्निशियन त्यांना सपाट झोपवत होता. वाकलेली मान मागे गेली असती तर चीर उघडली असती, म्हणून डोक्याखाली उशा घातल्या. मामा त्याला म्हणतात, "ही मान वीस वर्षांत बायकोपुढे वर झाली नाही, तुझ्यापुढे होणारेय?"

नेक्ससवरून, मानेला मार लागल्यावर फोटो कुणाचा काढायचा त्या नियमांवरून, आपण मेसमध्ये भांडलो होतो, आठवतं? २००० सालचा अभ्यास, ३४,०६९ रुग्ण, पाच निकष, तू पाठ म्हणायचास. तुझे निकष इथेही चुकले नसते: मानेच्या मधोमध दाबल्यावर दुखत होतं, म्हणजे फोटो हवाच. तो अर्धा निघाला आणि पुरा धरला गेला, त्याचं काय करायचं? मामांची फिल्म बघायला मी होतो. पट्टा बांधून घरी गेलेल्या इतरांच्या कोण बघतं? झोप लागत नाही रे. "सातवा मणका दिसत नाही, सीटी करा," एवढं रिपोर्टात लिहायला काय लागतं?

रेवाची दहावी कशी चाललीय? वहिनींना नमस्कार. घराचा स्लॅब पडला का?

शुक्रवारी ऑपरेशन झालं. वर तीन, खाली तीन मणके बांधलेत. मुंग्या कमी आहेत, पकड अजून कच्ची. सीडी कुरियरने पाठवतोय, स्क्रू नीट बघ. आणि पट्टा किती दिवस ठेवायचा ते मामांना तूच फोनवर सांग, माझं ऐकत नाहीत.

तुझा,
विन्या